पीठाविना धर्माधिकार : महानुभाव भिक्षुपरंपरा आणि तिची ग्रंथव्यवस्था

औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या जिल्ह्याची ओळख असते ती प्रामुख्याने समर्थ रामदासांच्या जांब या जन्मगावामुळे. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेली जयदेववाडी मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. 'जाळीचा देव' या नावाने ओळखले जाणारे हे स्थान महानुभाव पंथीयांच्या दृष्टीने श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेले आहे. 'जाळी' म्हणजे झुडपांची दाटी. देवाचे नाव त्या दाटीवरून पडले. राजावरून नव्हे, दात्यावरून नव्हे, क्षेत्रमाहात्म्य सांगणाऱ्या एखाद्या पुराणावरूनही नव्हे. या नामकरणात पंथाच्या धर्मविषयक भूमिकेचा एक धागा सापडतो आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे. धर्माचा अधिकार सांगणारा वर्ग घर, गाव, वतन आणि पीठ यांवाचून उभा राहू शकतो काय, आणि राहिलाच तर त्याच्या ग्रंथांचे स्वरूप कसे होते?

प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी प्रथम गावगाड्यातील पौरोहित्याची घडण लक्षात घ्यावी लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यात जोशी आणि गुरव हे दोघेही येतात. जोशाने पंचांग सांगावे, लग्नाची तिथी काढावी. गुरवाने देवळाची झाडलोट व दिवाबत्ती करावी, बेलफूल पुरवावे, आणि खळ्यावर आपला वाटा न्यावा. पैकी गुरवाचे पौरोहित्य तसे नम्रच होते, विकेंद्रितही होते; प्रत्येक गावाचा गुरव आपापल्या देवळापुरता. परंतु त्याचा अधिकार जन्माने येई, गावाला बांधलेला असे आणि धान्याच्या वाट्याने पोसला जाई. जोशीपणाचेही तेच. जन्म, स्थान आणि वृत्ती या तीन खुंट्यांवर गावातले पौरोहित्य ताणलेले होते, असे म्हणता येईल. याच्या वरच्या पायरीवर शास्त्राधिकाराची व्यवस्था होती. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ व्रते, दाने, श्राद्धे आदींचे विधान करतो. प्रत्येक विधीला कर्ता हवा, करविता हवा, दक्षिणा हवी. हेमाद्रीचा हा काळ आणि चक्रधरांचा काळ एकच, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, राज्यही एकच. एकाच राजवटीखाली धर्माधिकाराच्या दोन परस्परविरुद्ध कल्पना आकारास येत होत्या, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात जेवढ्या ठळकपणे यावयास हवी तेवढी आलेली नाही.

चक्रधरांनी आपल्या अनुयायांस जो आचार सांगितला तो या तिन्ही खुंट्या उपटणारा आहे. 'सूत्रपाठा'तील आचारविषयक सूत्रांचा आशय पाहिला तर त्यागाचा क्रम विलक्षण बारकाईने लावलेला दिसतो. आधी स्वदेशाचा संबंध सोडावा, मग स्वग्रामाचा, आणि सर्वांत कसोशीने आप्तांचा. भिक्षुकाने एका जागी रुळू नये, जेथे ओळख वाढते तेथून निघावे, गावाबाहेर झाडाखाली किंवा ओस देवळात रात्र काढावी, एकांत सेवावा. भिक्षा चारही वर्णांच्या घरची घ्यावी. हा शेवटचा नियम वरवर पाहता केवळ औदार्याचा वाटतो. वस्तुतः तो पौरोहित्याच्या अर्थव्यवस्थेवरचा घाव आहे. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये हे ठरविण्यातच पुरोहितवर्गाच्या श्रेष्ठत्वाचा पाया असतो. जो सर्वांच्या दारी उभा राहतो, त्याला कोणत्याही एका दाराचा हक्कदार होता येत नाही. बलुतेदार आपला वाटा मागतो, भिक्षू भिक्षा मागतो. या दोन मागण्यांत हक्क आणि याचना एवढे अंतर आहे.

येथे भिक्षेला दैन्य समजण्याची चूक करू नये. पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी मानले आहेत. देवतांकडून मिळणारी फळे नाशिवंत आहेत, मोक्ष परमेश्वराकडूनच मिळतो. हे एकदा स्वीकारले की देवतांची मर्जी संपादन करून देणारा मध्यस्थ आपोआप निरुपयोगी ठरतो. राहतो तो फक्त ज्ञान सांगणारा आणि आठवण देणारा. मूर्तीऐवजी ज्या जागी स्वामी बसले, निजले, जेवले त्या जागांचे ओटे पंथीयांस वंदनीय झाले, हे याच विचाराला धरून आहे. ओट्याला नमस्कार करावयास मंत्र लागत नाही. तो ओटा कोठे आहे आणि तेथे काय घडले, हे सांगणारा मनुष्य मात्र लागतो. 'स्थानपोथी'सारखा ग्रंथ याच गरजेतून निर्माण झाला.

चक्रधरांनी स्वतःच्या पश्चात कोणतेही पीठ स्थापिले नाही. त्यांनी अनुयायांना रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात जावयास सांगितले. गोविंदप्रभू हे पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक. परंतु त्यांचे चरित्र पाहता त्यांना व्यवस्थापक म्हणणे कोणासही सुचणार नाही. लोकांनी ज्यांना वेडे म्हटले, जे मातंगवाड्यात जात, ज्यांनी तत्त्वनिरूपण असे केलेच नाही, अशा पुरुषाच्या सेवेत हा अनुयायिवर्ग काही वर्षे राहिला. त्यांच्याही निधनानंतर प्रश्न अटळ झाला. आता कोणी सांगावे? कोणाचे ऐकावे?

या प्रश्नाची कहाणी म्हणजे 'स्मृतिस्थळ'. वामन नारायण देशपांडे यांनी हा ग्रंथ प्रथम संपादित करून प्रसिद्धीस आणला. अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याचे शीर्षक 'देवाच्या अनुपस्थितीत' अशा अर्थाचे आहे आणि ते समर्पक आहे. अडीचशेहून अधिक लहान लहान स्मृतींच्या या संग्रहात नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्या भोवती जमलेला समुदाय दिसतो. भटोबासांना पंथाचे आद्य आचार्य म्हणतात. तथापि ग्रंथातील त्यांचे वर्तन एखाद्या धर्मपीठाधिपतीचे नाही. ते स्वतःस अवतार मानीत नाहीत, नवा नियम निर्माण करीत नाहीत. अडचण उद्भवली की सर्वज्ञांनी अशा प्रसंगी काय केले होते याची आठवण काढली जाते आणि त्या आठवणीवरून निर्णय होतो. अधिकार व्यक्तीच्या ठायी नसून स्मरणाच्या ठायी आहे. आणि स्मरण हे समुदायातील कोणापाशीही असू शकते, बाइसांपाशी, महदाइसेपाशी, एखाद्या नवख्या शिष्यापाशीही. 'स्मृतिस्थळ' हे नाव म्हणूनच केवळ आठवणींचा ठेवा सांगत नाही. या समुदायाची घटनाच ते सांगते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

भाषेविषयीचा प्रसिद्ध प्रसंग याच संदर्भात वाचला पाहिजे. केशोबास हे संस्कृतात रचना करू शकणारे पंडित होते. भटोबासांनी त्यांना अशा रचनेपासून परावृत्त केले. कारण त्यामुळे पंथातल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्यात अभिमान नाही असे नाही. परंतु मूळ मुद्दा अधिकाराच्या वाटपाचा आहे. संस्कृत शिरले असते तर पंथात दोन वर्ग पडले असते, जाणणारे आणि जाणणाऱ्यांस विचारणारे. म्हाताऱ्यांना विचारावे लागू नये, त्यांना स्वतःच आठवता व सांगता यावे, एवढ्यासाठी मराठी. ज्या समाजात स्त्रीला विटाळाच्या नावाखाली विधींपासून दूर ठेवले जाई, तेथे चक्रधरांनी तो विटाळ देहाच्या इतर स्रावांसारखाच मानून स्त्रियांस अनुसरणाचा अधिकार दिला होता. महदाइसेसारखी प्रश्न विचारणारी, 'धवळे' रचणारी कवयित्री या भूमीतच संभवते. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव होतो. तिच्या प्रश्नांनी पंथाच्या ज्ञानसंग्रहाला जे वळण दिले त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

राजसत्तेशी असलेला संबंधही असाच. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' ऐकून रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर करावयास धन देऊ केले आणि नरेंद्राने ते नाकारले, अशी स्मृती आहे. प्रसंगाच्या ऐतिहासिकतेविषयी कोणी शंका घेऊ शकेल; परंतु पंथाने तो जपून ठेवला, ही गोष्ट निःसंशय आहे. ग्रंथाचे मूल्यमापनही दरबार करीत नव्हता किंवा पीठ करीत नव्हते. भास्करभट्ट बोरीकरांच्या 'शिशुपालवधा'वर पंथातील ज्येष्ठ भानुभट यांनी असा अभिप्राय दिला, की काव्य चांगले उतरले, पण निवृत्त माणसाच्या उपयोगाचे नाही. ग्रंथावर बंदी आली नाही, कवीला प्रायश्चित्त मिळाले नाही. कवीने पुढे 'उद्धवगीता' लिहिली. आणि शृंगारप्रधान 'शिशुपालवध' पुढे साती ग्रंथांत समाविष्ट होऊन मान पावला. सहभिक्षूचे मत एवढाच ज्याला आधार, अशा वाङ्मयीन व्यवस्थेचे इतके स्पष्ट उदाहरण मध्ययुगीन मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

या साऱ्याचा सर्वांत दूरगामी परिणाम ग्रंथांच्या पाठांवर झालेला आहे. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या साक्षीदारांना गाठून. परंपरा असे सांगते, की ज्याच्यापाशी एखादी आठवण असेल त्याच्यामागे ते शेतात नांगराबरोबर चालत असत. ही कथा शब्दशः खरी मानण्याची गरज नाही. पण संकलनाची जी कल्पना तिच्यात आहे ती 'लीळाचरित्रा'च्या गद्यात प्रत्यक्ष दिसते. तुटक वाक्ये, बोलीतील संवाद, कोण कोठे बसले होते याची दखल, आणि अनेक ठिकाणी दुसरा एक सांगणारा हेच वेगळ्या रीतीने सांगतो, अशी नोंद. पंथीय परिभाषेत या भिन्न परंपरांस 'वासना' म्हणतात. पुढे परचक्राच्या धामधुमीत पोथ्या नष्ट झाल्या व हिराइसेसारख्या पाठांतर असलेल्या स्त्रियांच्या स्मरणातून त्या पुन्हा सिद्ध झाल्या, असे परंपरा सांगते. हिराइसेच्या नावाचा पाठ, पिढीपाठ इत्यादी नावे हस्तलिखितांत त्यामुळेच आढळतात.

आधुनिक पाठचिकित्सेची सवय अशी, की भिन्न पाठांतून एक मूळ पाठ शोधावा आणि उरलेले तळटीपेत घालावेत. हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांनी 'लीळाचरित्र' अभ्यासकांच्या हाती दिले, हे ऋण मोठे आहे. कोलते यांचे संपादन १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. तथापि एक शंका उरते. ज्या समुदायाने एक पीठ नाकारले, त्याच्या ग्रंथाला एक पाठ असलाच पाहिजे असे का गृहीत धरावे? लेखनिकाच्या हस्तदोषातून आलेला पाठभेद आणि दोन साक्षीदारांच्या आठवणींतून आलेली वासना या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. पहिला दोष आहे. दुसरी पुरावा आहे. सांगणाऱ्याचे नाव जपून त्याच्या विधानाला दुसऱ्याच्या विधानाशेजारी जागा देणे, आणि निवाडा न करणे, ही त्या काळातील धर्मग्रंथाच्या बाबतीत असाधारण गोष्ट आहे. पदव्युत्तर वर्गांत 'लीळाचरित्र' हे म्हाइंभटांनी 'लिहिलेले' आद्य मराठी गद्यचरित्र म्हणून शिकविले जाते, तेव्हा नेमका हा अनेकमुखी भाग गळून जातो.

भटोबासांच्या पश्चात बाइदेवबास, कवीश्वरबास आदींच्या काळात पंथाचा विस्तार होत गेला आणि पुढे तेरा आम्नाय मानले जाऊ लागले. आम्नाय म्हणजे गुरुशिष्यपरंपरेची शाखा. त्यांपैकी उपाध्ये आणि कवीश्वर हे दोन आम्नाय विशेष टिकून राहिले. शाखा वाढल्या, पण सर्वांवर हुकमत चालविणारे एक केंद्र निर्माण झाले नाही. उत्तरेकडे पंजाबात हाच पंथ 'जयकृष्णी' या नावाने रुजला आणि मराठी पोथ्या मराठी न बोलणाऱ्या प्रदेशात जतन झाल्या. चालणारा भिक्षू हाच जेथे धर्मपीठ असतो, तेथे धर्म त्याच्या झोळीतून प्रवास करतो. असे दुसऱ्या कोणत्या मराठी संप्रदायाबाबत घडले ते पाहू गेल्यास नामदेवांचेच नाव डोळ्यांपुढे येते, आणि ते उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे.

या ठिकाणी जांबकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण जालना जिल्ह्यातच दुसरा नमुना उभा आहे. रामदासांनीही घर सोडले, भिक्षेचा महिमा गायिला, प्रांतोप्रांती महंत पाठविले. त्यांच्याही परंपरेत वेणाबाईंसारखी स्त्री मठाधिकारी झाली. म्हणजे नम्रता, भ्रमण आणि विस्तार हे तिन्ही गुण तेथेही आहेत. भेद आहे तो महंताच्या कल्पनेत. 'दासबोधा'तील महंत हा समुदाय करणारा, माणसे पारखून कामाला लावणारा, चातुर्याने वागणारा संघटक आहे. त्याचा मठ एका केंद्राशी जोडलेला आहे आणि त्या केंद्राला पुढे सनदा, वर्षासने, इनामे मिळाली. जेथे उत्पन्न आले तेथे वारसाहक्काचा प्रश्नही आला. चाफळच्या कारभाराविषयी समर्थांच्या पश्चात शिष्यांत जो वाद झाला तो इतिहासाच्या साधनांत नोंदलेला आहे. हा दोष व्यक्तींचा नव्हे, रचनेचा आहे. राज्य उभे राहत असलेल्या काळाला संघटक महंत हवा होता. महानुभाव भिक्षू आकारास आल्यावर अल्पावधीतच त्याच्या भोवतालचे राज्य कोसळले आणि त्याला लपण्याची कला शिकावी लागली.

या लपण्याची किंमत पंथाने मोजली. चौदाव्या शतकापासून पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. ज्ञान म्हाताऱ्यांना कळावे म्हणून ज्यांनी संस्कृत दूर ठेवले, त्यांचेच ज्ञान पुढे लिपीची किल्ली ज्याच्यापाशी असेल त्यालाच कळू लागले. ही विसंगती लहान नाही. ती झाकण्याचे कारणही नाही. केंद्र नसल्यामुळे पंथ टिकला हे जितके खरे, तितकेच केंद्र नसल्यामुळे बाहेरच्या आरोपांना एकमुखी उत्तर देणारे कोणी राहिले नाही, हेही खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९१९) या वाङ्मयाची दखल घेतली. तोवर मराठी वाचकाला या पंथाविषयी जे माहीत होते ते बहुतांशी त्याच्या विरोधकांनी सांगितलेले.

त्याचा पुरावा भाषेतच शिल्लक आहे. 'महानुभाव' या शब्दाचे लोकभाषेत 'मानभाव' झाले आणि त्यावरून 'मानभावी' हे विशेषण आले. वरून नम्र, आतून कावेबाज, असा त्याचा अर्थ आज कोणताही कोश देतो. आदरवाचक शब्दाची अवनती होणे ही अर्थविचारात नवी गोष्ट नव्हे. परंतु येथे अवनती नेमकी कोणत्या दिशेने झाली ते पाहण्यासारखे आहे. नम्रता हाच ज्यांचा उघड आचार, त्यांची नम्रताच ढोंग ठरविण्यात आली. वतन नसलेला, कुलदैवत न मानणारा, कोणाच्याही दारी उभा राहणारा मनुष्य गावाला समजेना, तेव्हा गावाने त्याच्या साधेपणामागे काहीतरी हेतू असलाच पाहिजे असे मानले. 'मानभावी' हा शब्द महानुभावांविषयी फारसे सांगत नाही. तो गावगाड्याविषयी बरेच सांगतो. पदव्युत्तर वर्गात 'लीळाचरित्र' शिकविणारा अध्यापकही तो शब्द इतरत्र सहज वापरतो, इतका तो रुळला आहे.

कालांतराने भिक्षूंचे मठ झाले, आश्रम झाले, महंतपदे आली. विरक्तांच्या बरोबरीने घरबारी वर्ग निर्माण झाला आणि गृहस्थाश्रमी अनुयायांची, म्हणजे वासनिकांची, संख्या वाढली. एका जागी न राहण्याचा नियम एका जागी राहणाऱ्यांनी पाठ करून ठेवावा, हा सर्वच भिक्षुसंघांच्या इतिहासात येणारा टप्पा आहे. बौद्ध संघातही वर्षावासाचे तात्पुरते निवारे पुढे विहार झाले. तरी येथे एक फरक राहिला. महंताचा अधिकार अद्यापही जन्माने येत नाही, अनुसरणाने येतो. आणि एका आम्नायाचा महंत दुसऱ्या आम्नायाला आज्ञा करीत नाही.

जाळीच्या देवाला आज जी गर्दी होते तिच्यात पंथीय असतात तसे पंथाबाहेरचेही असतात. बाहेरची बाधा झाली, मन ठिकाणावर नाही, असे वाटणाऱ्या माणसांना त्यांचे आप्त तेथे घेऊन येतात. देवतांच्या कृपेला व कोपाला मोक्षमार्गात स्थान न देणाऱ्या पंथाच्या स्थानी देवतांनी पीडिलेली माणसे यावीत, यात तत्त्वज्ञाला विसंगती दिसेल. ओट्यापुढे डोके टेकणाऱ्या बाईला ती दिसत नाही. तेथे असलेल्या भिक्षूने तिला काय सांगावे, याविषयी वरून आलेली आज्ञा नाही. त्याच्यापाशी आहे ती एक लीळा, सांगण्याच्या एकाहून अधिक रीतींसह. त्यांतली कोणती सांगावयाची ते त्याने तिच्याकडे पाहून ठरवावयाचे असते. संपादित प्रतीत यांपैकी एक रीत मजकुरात असते, बाकीच्या पानाच्या तळाशी.